क्रूझवरच्या रात्रीच्या जेवणाला काय नेसावे, काय घालावे: खान्देशातून निघणाऱ्या स्त्रियांसाठी मार्गदर्शन

जळगाव, भुसावळ, धुळे, शिरपूर, शहादा या भागांतून क्रूझच्या सहलीला जाणारी कुटुंबे आता नवलाची राहिलेली नाहीत. कोणी मुंबईहून कॉर्डेलियाच्या जहाजाने गोवा किंवा लक्षद्वीपला जाते, कोणी टूर कंपनीच्या गटाबरोबर सिंगापूरला जाऊन तिथून तीन-चार रात्रींची समुद्रसफर करते, तर परदेशात स्थायिक झालेल्या मुलामुलींनी बोलावल्यामुळे काही सासवा आणि आया थेट भूमध्य समुद्रातल्या सात रात्रींच्या जहाजावर जाऊन पोहोचतात. तिकिटे हातात आली की घरातल्या स्त्रियांना एकच प्रश्न पडतो: रात्रीच्या जेवणाला म्हणे तिथे विशिष्ट पोशाख लागतो, मग आपण काय घालायचे? या धास्तीपोटी अनेक जणी एका रात्रीसाठी महागडा गाऊन विकत घेतात, तो अंगावर अवघडत वागवतात आणि परतल्यावर तो कपाटातच पडून राहतो. हा खर्च मुळीच आवश्यक नाही. जहाजावरच्या सर्वांत औपचारिक रात्रीलाही साडी पूर्णपणे शोभते, आणि तुमच्या कपाटात आज असलेल्या कपड्यांतून सगळ्या रात्रींची सोय होऊ शकते. मात्र कोणती साडी, कोणत्या रात्री, कोणत्या पादत्राणांबरोबर आणि ती चुरगळू न देता न्यायची कशी, याचा विचार घरीच करून ठेवावा लागतो.

आधी आपल्या जहाजाचा नियम वाचावा

सर्व जहाजांचे नियम सारखे नसतात, म्हणून शेजारच्या ताईंनी मागच्या वर्षी काय नेले होते यावर विसंबून बॅग भरू नये. आपल्या कंपनीच्या संकेतस्थळावर ‘ड्रेस कोड’ या शीर्षकाखाली जे लिहिलेले असते ते स्वतः वाचावे किंवा टूर मॅनेजरकडून लेखी मागून घ्यावे. बहुतेक कंपन्या संध्याकाळच्या पोशाखाचे ढोबळमानाने तीन प्रकार करतात. कॅज्युअल म्हणजे रोजचे पण नीटनेटके कपडे, स्मार्ट कॅज्युअल म्हणजे चांगल्या हॉटेलात जेवायला जाताना घालतो तसे कपडे, आणि फॉर्मल किंवा गाला म्हणजे लग्नाच्या स्वागत समारंभाला साजेल असा पेहराव. क्यूनार्डसारखी जुनी ब्रिटिश कंपनी हे शिष्टाचार काटेकोरपणे पाळते आणि तिथे गाला संध्याकाळी सहानंतर पुरुषही काळ्या सूटमध्ये दिसतात. नॉर्वेजियन क्रूझ लाइन या कंपनीने मात्र औपचारिक रात्रींची सक्तीच ठेवलेली नाही. रॉयल कॅरिबियन आणि एमएससी या दोन टोकांच्या मधल्या आहेत. सात रात्रींच्या सफरीत साधारणपणे एक किंवा दोन औपचारिक रात्री असतात, तर मुंबईहून निघणाऱ्या दोन-तीन रात्रींच्या सहलीत सुटीचाच मोकळा सूर असतो.

काय चालत नाही, हे मात्र जवळपास सगळीकडे सारखेच असते. जेवणाच्या मुख्य दालनात पोहण्याचे कपडे, ओले कपडे, अंघोळीनंतरचा झगा आणि अनवाणी पाय चालत नाहीत. घरात सर्रास वापरला जाणारा मॅक्सी गाऊन, त्यावर ओढणी घेतली तरीही, कॅबिनच्या बाहेर घालूच नये, मग तो नाश्ता असो की जेवण. पुरुषांच्या टोप्यांवर असलेली बंदी डोक्यावरच्या पदराला किंवा धार्मिक कारणाने बांधलेल्या स्कार्फला लागू होत नाही, त्यामुळे डोईवरून पदर घेणाऱ्या आजींनी संकोच बाळगण्याचे कारण नाही.

एखाद्या संध्याकाळी सजण्याची इच्छाच नसेल, पाय दुखत असतील किंवा लहान मूल झोपेला आले असेल, तर वरच्या डेकवरच्या बुफेत साध्या पंजाबी ड्रेसवर जेवता येते. औपचारिक रात्रीलाही हा पर्याय बहुतेक जहाजांवर खुला असतो. जे नटणार नाहीत त्यांना उपाशी राहावे लागत नाही, हे मनाशी पक्के असले की पुढची सारी तयारी आनंदाने होते.

रात्रींची मांडणी कागदावर करावी

एक कागद घ्यावा, त्यावर सफरीच्या रात्री क्रमाने लिहाव्यात आणि प्रत्येक रात्रीपुढे त्या दिवशी जहाज बंदरात आहे की दिवसभर समुद्रात आहे, याची नोंद करावी. औपचारिक रात्र बहुधा समुद्रातल्या दिवशी ठेवलेली असते, कारण बंदरात दिवसभर फिरून दमलेल्या माणसांना संध्याकाळी तासभर नटायला उसंत नसते. पहिली आणि शेवटची रात्र सहसा साधी असते. पहिल्या रात्री अनेकांच्या बॅगा कॅबिनपर्यंत उशिरा येतात आणि शेवटच्या रात्री त्या बांधून दाराबाहेर ठेवायच्या असतात.

यावरून सात रात्रींसाठी एक साधा आराखडा तयार होतो: दोन चांगल्या साड्या, दोन ठेवणीतले सलवार-कमीज किंवा अनारकली, एक लांब कुर्ता आणि पलाझो. उरलेल्या दोन रात्री यांपैकीच काहीतरी ओढणी किंवा दागिने बदलून पुन्हा घालावे. तीन रात्रींच्या सहलीला एक साडी आणि दोन ड्रेस पुरतात. त्याच टेबलावर रोज तीच माणसे दिसतील म्हणून रोज नवे हवे, हा आग्रह सोडून द्यावा. तो आग्रह धरला तर बॅगेचे वजन वाढते, आणि देशांतर्गत विमानात साध्या तिकिटावर बहुतेक वेळा १५ किलोच सामान नेता येते.

त्या-त्या संध्याकाळचा पोशाख काय आहे, हे जहाजावर रोज मिळणाऱ्या कार्यक्रमपत्रिकेत किंवा कंपनीच्या मोबाइल ॲपवर दिलेले असते. काही सफरींत ‘पांढऱ्या कपड्यांची रात्र’ अशी एखादी ठरावीक रंगाची संध्याकाळही असते. तिच्यासाठी खास खरेदी न करता पांढरी चिकनकारी कुर्ती बॅगेत टाकून ठेवली तरी काम भागते.

साडी निवडताना कापड पाहावे, किंमत नव्हे

या विषयातला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा हाच आहे, म्हणून त्यावर थोडे थांबून लिहिते. बहुसंख्य जहाज कंपन्या प्रवाशांना इस्त्री आणि कपड्यांचा स्टीमर सोबत आणू देत नाहीत. आगीचा धोका हे त्यामागचे कारण आहे. तपासणीत इस्त्री सापडली तर ती ताब्यात घेतली जाते आणि सफर संपल्यावर परत मिळते. मग जी साडी इस्त्रीवाचून नेसताच येत नाही, ती कितीही सुंदर असली तरी जहाजावर गैरसोयीची ठरते. खळ घातलेली कडक सुती साडी, टिश्यू आणि ऑर्गंझा याच कारणाने घरी ठेवाव्यात.

जॉर्जेट, क्रेप आणि शिफॉन ही तीन कापडे जहाजासाठी उत्तम आहेत. ती घडी करून ठेवली तरी फारशी चुरगळत नाहीत, जागा कमी व्यापतात आणि वजनाला हलकी असतात. भुसावळ-सुरत रेल्वेमार्गामुळे खान्देशातल्या बायकांचा सुरतेच्या साडीबाजाराशी संबंध जुना आहे, आणि सुरतेची जरीकाठाची किंवा बारीक भरतकामाची जॉर्जेट साडी औपचारिक रात्रीला अगदी शोभून दिसते. खड्यांचे आणि टिकल्यांचे फार जड काम असलेली साडी मात्र टाळावी, कारण खुर्चीवर दीड-दोन तास बसल्यावर ते काम टोचते आणि खुर्चीच्या कापडात अडकून निघूही लागते.

थोडा पारंपरिक थाट हवा असेल तर सातपुड्यापलीकडून येणारी महेश्वरी साडी मला सर्वांत सोयीची वाटते. रेशीम आणि सूत यांच्या मिश्र विणीमुळे ती हलकी असते, निऱ्या नीट बसतात आणि काठ उठून दिसतो. पैठणीचा मोह होणे स्वाभाविक आहे, आणि गाला रात्री येवल्याची पैठणी नेसून जिना उतरणाऱ्या स्त्रीकडे देशोदेशीचे प्रवासी कौतुकाने पाहतात, हेही खरे आहे. तरी ती न्यायची असेल तर एकच न्यावी, मऊ सुती कापडात सैल घडी करून गुंडाळावी, आणि नेसून झाल्यावर लगेच बॅगेत न कोंबता कॅबिनमध्ये थोडा वेळ पसरून ठेवावी, कारण घाम आणि समुद्राची दमट हवा जरीला मानवत नाही. जेवताना नॅपकिन निऱ्यांवर संपूर्ण पसरून घ्यावा. सूपचा किंवा तेलकट पदार्थाचा डाग पडलाच तर तो पाण्याने चोळू नये. कोरड्या कापडाने टिपून त्यावर टाल्कम पावडर टाकावी आणि घरी आल्यावर ड्रायक्लीनला द्यावी.

रंगांबाबत इतकेच ध्यानात ठेवावे की दालनातला प्रकाश पिवळसर आणि मंद असतो. वांगी रंग, गर्द हिरवा, मोरपिशी, डाळिंबी असे रंग त्यात खुलतात, तर फिके अबोली किंवा मोतिया रंग छायाचित्रात पुसट येतात. औपचारिक रात्री जहाजाचे छायाचित्रकार जिन्याजवळ उभे असतात, त्यामुळे या बारीकशा गोष्टीचाही उपयोग होतो.

साडीखालच्या गोष्टींकडे अनेकदा दुर्लक्ष होते. सॅटिनच्या परकरावरून जॉर्जेट घसरते, म्हणून सुती परकर किंवा अंगाबरोबर बसणारा साडी-शेपवेअर घ्यावा. शेपवेअरने वाऱ्यात साडी फुगत नाही आणि चालताना पायात येत नाही, पण ज्यांना घट्ट कपड्याने जेवण जात नाही त्यांनी सुती परकरच बरा. पिको आणि फॉल निघण्यापूर्वीच करून घ्यावे. ब्लाउज कोपरापर्यंत बाहीचा असावा, त्याचे कारण पुढे थंडीच्या विषयात येईलच. प्रत्येक साडीला वेगळा ब्लाउज नेण्याऐवजी सोनेरी किंवा काळा असा एक सर्वांना जुळणारा ब्लाउज जादा ठेवला तर ऐनवेळी शिवण उसवली तरी अडत नाही.

कॅबिन लहान असते, आरसा बहुधा एकच मोठा असतो आणि एका खोलीत दोघी-तिघी तयार होत असतात. ज्यांना साडी नेसायची रोजची सवय नाही अशा सुना आणि मुलींसाठी निऱ्या आधीच शिवलेली तयार साडी हा चांगला पर्याय आहे. आपली एखादी जुनी जॉर्जेट साडी शिंप्याकडून अशी शिवून घेता येते.

नऊवारी नेसणाऱ्या सासूबाई आणि आजी

ज्या आजींनी आयुष्यभर नऊवारीच नेसली, त्यांना सहलीसाठी पाचवारी किंवा पंजाबी ड्रेस घालायला लावू नये. मऊ सुती किंवा रेशमी इरकल नऊवारी ही औपचारिक रात्रीलाही मानाने चालते. शिवाय कासोट्यामुळे जिना चढणे-उतरणे आणि जहाज हलताना तोल सावरणे सोपे जाते, ही सोय पाचवारीत नाही. त्यांच्यासाठी लोकरीची पातळ शाल आणि रबरी तळव्याची, मागे पट्टा असलेली चप्पल तेवढी आठवणीने घ्यावी. जैन कुटुंबांतल्या ज्या स्त्रिया सूर्यास्तापूर्वी जेवतात, त्यांनी लवकरची पंगत आधीच मागून घ्यावी. ही पंगत साडेपाच-सहाच्या सुमारास असते, तेव्हा बंदरातून परतल्यावर तयारीला वेळ थोडा मिळतो आणि त्या दिवशी पटकन नेसता येईल अशीच साडी वर काढून ठेवावी लागते.

साडी नको असेल तर

अनारकली, शरारा, लांब कुर्त्यावर सिगारेट पँट, किंवा घेरदार लांब स्कर्टवर रेशमी कुर्ती हे सगळे औपचारिक रात्रीला चालते. स्मार्ट कॅज्युअल रात्री साधा सलवार-कमीज किंवा चांगली कुर्ती आणि गडद रंगाची न फाटलेली जीन्स पुरेशी असते. ओढणी दोन्ही खांद्यांवर पिन लावून बसवावी, कारण ती बुफेच्या भांड्यांत जाते आणि खुर्चीच्या पायाखाली सापडते.

ज्या मुलींना आणि सुनांना पाश्चात्त्य पोशाख आवडतो त्यांनी तो आनंदाने घालावा. गुडघ्याखाली येणारा एकरंगी ड्रेस, जंपसूट, किंवा सैल पँटवर रेशमी टॉप यांत अवघडलेपण येत नाही. आपल्याकडे असा पोशाख घरच्या मोठ्या माणसांसमोर घालण्याचा प्रसंग अनेक जणींना पहिल्यांदाच जहाजावर येतो, म्हणून त्याबद्दल घरीच मोकळेपणाने बोलून घ्यावे. ऐन जेवणाच्या वेळी कॅबिनच्या दारात रुसवेफुगवे होण्यापेक्षा ते केव्हाही चांगले. आणि सासूबाईंनीही समजून घ्यावे की त्या दालनात कुणाचा पोशाख कुणी मोजत बसलेले नसते.

थंडी आणि वारा

मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांच्या आसपास असतो, त्याच सुटीत सहल ठरलेली असते, आणि बॅग भरताना लोकरीच्या कपड्याचा विचारही मनात येत नाही. जहाजावरची जेवणाची दालने मात्र वातानुकूलित आणि चांगलीच गार असतात. तिथे दीड-दोन तास बसायचे असते आणि जेवणानंतर नाट्यगृहातला कार्यक्रमही तितक्याच थंडीत चालतो. बिनबाह्यांच्या ब्लाउजमध्ये हात आखडून बसण्यापेक्षा साडीला जुळणारी पातळ शाल किंवा स्टोल जवळ असू द्यावा. काळी किंवा सोनेरी-तपकिरी शाल सगळ्या कपड्यांवर चालते, म्हणून एकच पुरते.

जेवण झाल्यावर मोकळ्या डेकवर जाण्याची प्रत्येकीला हौस असते, आणि चालत्या जहाजाच्या वरच्या डेकवर वारा जोरदार असतो. सुटा पदर छायाचित्रात छान दिसतो, पण तो कठड्याला किंवा दारात अडकू शकतो. पदराच्या घड्या खांद्यावर पिनेने पक्क्या करून टोक कमरेला खोचून घेतल्याशिवाय बाहेर पडू नये.

पादत्राणे

उंच आणि टोकदार टाचांच्या सँडल घरीच ठेवाव्यात. जहाज थोडे जरी डोलत असले तरी त्यांवर तोल राहत नाही, लाकडी डेकच्या फटींत टाच रुतते आणि डेकवर उघडणाऱ्या दारांना असलेल्या उंबरठ्यावर ठेच लागते. जाड, चौकोनी टाच किंवा सलग उंचीची वेज सँडल घ्यावी आणि साडीची उंची त्याच सँडलवर उभे राहून ठरवावी. चामड्याच्या तळव्याची मोजडी गालिच्यावर ठीक असते, पण ओल्या डेकवर घसरते. रात्रीसाठी एक सोनेरी किंवा काळा जोड पुरेसा आहे, मात्र नवा जोड निघण्यापूर्वी काही दिवस घरात वापरून सैल करून घ्यावा.

दागिने आणि हातातली पिशवी

जळगावला सुवर्णनगरी म्हणतात आणि सोन्याची आवड आपल्या मुलखाला आहेच, तरीही जहाजावर भारी दागिने नेऊ नयेत असे मी आग्रहाने सांगेन. मंगळसूत्र, कानातले आणि रोजच्या बांगड्या यांखेरीज मोत्यांचा किंवा एक ग्रॅम सोन्याचा मुलामा दिलेला एखादा संच न्यावा, तो पैठणीवरही तितकाच खुलतो. परदेशी बंदरांच्या सफरीत मौल्यवान दागिने नेणे भाग असेल, तर भारतातून निघतानाच सीमाशुल्क अधिकाऱ्यांकडे ते दाखवून निर्यात प्रमाणपत्र घ्यावे, म्हणजे परतताना ते परदेशात विकत घेतले असा प्रश्न उपस्थित होत नाही. कॅबिनमध्ये छोटी तिजोरी असते, काढलेला दागिना तिच्यातच ठेवावा. ताजा गजरा विसरावा, कारण फुले-फळे बंदरात उतरवण्यावर अनेक देशांत निर्बंध असतात. कापडी गजरा अंबाड्यावर छान दिसतो आणि तो रोज वापरता येतो.

साडीला खिसा नसतो, आणि जहाजावर कॅबिनचे कार्ड सतत जवळ लागते, कारण तीच किल्ली, तीच ओळख आणि खर्चाचा हिशेबही त्यावरच. मनगटात अडकवता येईल अशी जरीची बटवी किंवा खांद्यावरची छोटी पर्स घ्यावी. तिच्यात कार्ड, चश्मा, औषधाची गोळी आणि चार सेफ्टी पिना एवढेच ठेवावे.

बॅग भरणे आणि सुरकुत्या

साड्या इस्त्री करून आणल्यावर कडक घडीवर पुन्हा दाबून ठेवू नयेत. जॉर्जेट आणि क्रेप गुंडाळी करून, तर रेशमी साड्या रुंद घडी करून जुन्या सुती उशीच्या अभ्र्यात घालून सर्वांत वर ठेवाव्यात. प्रत्येक साडीबरोबर तिचा ब्लाउज आणि परकर एकाच अभ्र्यात असला की संध्याकाळी शोधाशोध होत नाही.

बंदरावर मोठ्या बॅगा कर्मचाऱ्यांच्या ताब्यात द्याव्या लागतात आणि त्या कॅबिनपर्यंत यायला संध्याकाळ होऊ शकते. म्हणून पहिल्या रात्रीचा पूर्ण पोशाख, पादत्राणांसह, हातातल्या बॅगेत असलाच पाहिजे. जळगाव-भुसावळहून रात्रीच्या गाडीने मुंबईला येऊन सकाळी थेट बंदर गाठणाऱ्यांनी तर हे विशेष पाळावे, नाहीतर प्रवासातल्याच कपड्यांवर जेवायला बसण्याची वेळ येते.

कॅबिनमध्ये पोहोचताच पुढच्या दोन रात्रींचे कपडे हँगरवर टांगावेत. कपाट लहान असते, पण बऱ्याच जहाजांवर कॅबिनच्या भिंती पोलादी असल्याने चुंबकाचे हुक त्यांना चिकटतात. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारे असे चार हुक सोबत न्यावेत. थोड्या सुरकुत्या असतील तर अंघोळीच्या वेळी कपडा न्हाणीघराच्या दारामागे टांगावा, वाफेने जॉर्जेट बऱ्यापैकी सरळ होते. पैठणीला मात्र हा उपाय करू नये. तेवढ्याने भागले नाही तर जहाजाच्या लाँड्रीत पैसे देऊन इस्त्री करून मिळते, पण औपचारिक रात्रीच्या दिवशी तिथे गर्दी असते, म्हणून कपडे आदल्या दिवशीच द्यावेत.

घरी एकदा रंगीत तालीम

निघण्याच्या आठवडाभर आधी एका संध्याकाळी औपचारिक रात्रीचा संपूर्ण पेहराव, सँडल आणि शालीसह, घरी घालून पाहावा. तो घालून दोन जिने चढावेत, खुर्चीवर बसून पूर्ण जेवण करावे आणि कुठे टोचते, कुठे घसरते ते पाहावे. नेसायला किती मिनिटे लागली तेही बघावे, कारण ठरलेल्या वेळेच्या पंगतीला फार उशीर चालत नाही आणि एका आरशासमोर तिघींना तयार व्हायचे असते. ज्यांना निऱ्या घालून द्याव्या लागतात त्यांचा क्रम पहिला लावावा.

शेवटच्या रात्री जेवणाहून आल्यावर बॅगा बांधून बहुतेक ठिकाणी मध्यरात्रीपूर्वी दाराबाहेर ठेवाव्या लागतात आणि त्या पुढे बंदरावरच हाती येतात. सकाळी उतरताना घालायचे कपडे, अंतर्वस्त्रे, चप्पल, दागिन्यांचा डबा आणि औषधे बाजूला काढल्याची खात्री केल्याशिवाय बॅग दाराबाहेर जाऊ देऊ नये, आणि त्या रात्री नेसलेली साडी हातातल्या बॅगेत मावेल इतकी हलकी निवडावी.